पोट पक्कं, पाठ कच्ची

"कच्चं हाय."

"काल पक्कं हुतं!"

"काल मी पोट बघितलं. आज पाठ बघितली."

"आये, एकाच म्हशीचं पोट नि एकाच म्हशीची पाठ. पोट पक्कं नि पाठ कच्ची, आसं कुठं आसतंय व्हय?"

"तेच तर मी तुला इचारतीय."

नोहाने हातातला पट्टा खाटेवर आपटला. हन्नाने तो उचलला, अंगणातल्या उन्हात नेला आणि नुकताच कापलेला काठ लेकाच्या नाकासमोर धरला. चार बोटं रुंद, म्हशीच्या कातड्याचा पट्टा. वरून विटकरी लाल, खालून विटकरी लाल. काठावर मात्र तीन थर दिसत होते. लाल, मग पांढरट, मग पुन्हा लाल. भाकरी दोन्ही अंगांनी खरपूस दिसावी आणि मोडल्यावर आत पीठच निघावं, तसं.

"दिसती का रेघ?"

"केसाएवढी हाय."

"हाय ना?"

"आये, तुझं डोळ्याचं आपरेशन झालंय. तुला आता न्हाई ते बी दिसाय लागलंय."

"न्हाई ते आधी दिसायचं. आता हाय तेवढंच दिसतंय."

एरवी नोहा यावर हसला असता. आज हसण्यासारखं काही नव्हतं. दसरा होऊन गेला होता, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या होत्या, आणि त्यातली सहादेवची बैलगाडी शेवगावचा मुक्काम आटोपून नेवाशाच्या रस्त्याला लागली होती. दुपारपर्यंत ती यांच्या दारात उभी राहणार होती. खाटेवर पडलेले पट्टे त्याच्याच बैलांसाठी कापले होते.

बैलाच्या मानेवर जू ठेवतात आणि मानेखालून एक पट्टा घेऊन तो जुवाला अडकवतात. ती जुपणी. सपाट रस्त्यावर जुपणीला फारसं काम नसतं. उसाने भरलेली गाडी कॅनॉलचा चढ चढायला लागली की भार मागे सरकतो, जू वर उचललं जातं, आणि त्या घडीला जुवाला बैलाशी बांधून ठेवणारी जुपणीच असते. ती तुटली की गाडी उलाळते. पुढचा दांडा आभाळाकडे, आणि ऊस, वर बसलेली माणसं, सगळं मागे रस्त्यावर. बाजारात नायलॉनच्या जुपण्या टांगलेल्या असतात. त्या तुटत नाहीत, पण घामाने भिजल्या की बैलाची मान कापतात. म्हणून अजूनही काही गाडीवाले वाट वाकडी करून हन्नाच्या कातडी कमावायच्या कुंडावर येतात.

"सहादेवला फोन कुनी केला?" नोहाने विचारलं.

"मी."

"काय सांगितलंस?"

"जुपन्या तयार हायेत म्हनून."

"मग चूक कुनाची?"

"बघायची चूक माझी," हन्ना म्हणाली. "करायची तुझी."

हन्ना जन्माने या कामातली नव्हती. तिचं माहेर राहुरीकडचं. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. घरातली चामड्याची वस्तू म्हणजे काय ती बायबलची बांधणी आणि वडिलांचा पट्टा. योहानचं स्थळ आलं तेव्हा घरात एवढंच कळलं, की मुलगा निर्व्यसनी आहे, चर्चमध्ये ढोलकी वाजवतो आणि वडलांबरोबर 'कुंडाचं काम' करतो. कुंड म्हणजे पाण्याचं टाकं असेल, असं तिला वाटलं होतं. पाण्याचंच होतं, पण त्या पाण्यात काय असतं ते कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी सासऱ्यांनी तिला चुन्याच्या कुंडापाशी उभं केलं.

"वास आला का?"

"आला."

"मग ओकून घे. लाजू नगं. एकदा ओकलं की नाक शहानं हुतं."

ती ओकली. पुन्हा एकदा ओकली. सासरे म्हणाले, "दोनदा बी चालतंय." मग त्यांनी तिच्या हातात बोथट वाकडी सुरी दिली आणि ओंडक्यावर पसरलेल्या कातड्याचे केस कसे लोटायचे ते दाखवलं. चुन्याने केसांची मुळं सैल झालेली असतात. जोर लावायचा नसतो, सुरी नुसती सरकवायची. दुपारपर्यंत तिला ते जमलं. संध्याकाळी सासूने तिच्यापुढे गूळ-शेंगदाणे ठेवले तेव्हा तिने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले, आणि शेवटी सासूनेच घास तिच्या तोंडात घातला.

रविवारी ती कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करून, केसांना तेल चोपडून चर्चला जायची. तरीही प्रभुभोजनाचा पेला तिच्याकडून पुढे सरकताना शेजारच्या बाईचा हात जरासा अडखळायचा. पहिलं वर्षभर तिने ते पाहिलं. मग ती आपण होऊन खिडकीजवळ, बाकाच्या टोकाला बसायला लागली. तिथे वारा असतो, एवढंच ती त्याबद्दल सांगते.

योहान अचानक गेला. छातीत दुखतंय म्हणून तो खाटेवर बसला, तो उठलाच नाही. थोरला दीर शाळामास्तर, धाकटा साखर कारखान्यात वॉचमन. दोघंही म्हणाले, वहिनी, कुंड बुजवा, त्या जागेवर दोन खोल्या काढा. हन्नाने हो-नाही काही केलं नाही. त्या आठवड्यात चुन्यात घातलेली कातडी होती. ती तशीच ठेवली असती तर गळून गेली असती. ती काढली, धुतली, बाभळीच्या सालीत घातली. ती निघेपर्यंत पुढची आली. अशीच वर्षं गेली. आसपासची कुंडं एकेक करून बुजली. ज्यांना लहानपणी नोहासोबत खेळायला पाठवत नसत, तीच मुलं आता त्याला 'लेदरवाला' म्हणतात आणि मोबाईलच्या कव्हराचं विचारतात.

नोहा बारावीनंतर तमिळनाडूत गेला. वेल्लोरच्या बाजूला चामड्याच्या एका कारखान्यात लागला. तिथे बाभळीची साल नव्हती, कुंड नव्हतं. मोठाली लाकडी पिंपं यंत्रावर गरागरा फिरायची, आत क्रोमचं हिरवट पाणी, आणि सकाळी घातलेलं कातडं दुसऱ्या दिवशी निळसर होऊन बाहेर पडायचं. उकळत्या पाण्यात टाकलं तरी आकसायचं नाही. कोरोनात कारखाना बंद पडला आणि तो घरी आला. आईच्या कुंडातलं कातडं महिनोन् महिने भिजत पडलेलं बघून त्याला हसावं की रडावं कळेना. त्याने टेम्पो घेतला. कांद्याची, उसाच्या बेण्याची भाडी मारायला लागला. येताना नगरच्या व्यापाऱ्याकडची मिठातली कातडी घेऊन यायचा. वाटेत कोणी अडवलंच तर म्हशीच्या कातड्याचा कागद दाखवायचा. पण कुंडात हात घालायचा नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला हन्नाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी चुना, धूर, वाकणं, सगळं बंद सांगितलं. लेक स्टेला श्रीरामपूरला असते, तिने आईला तिकडे नेलं. जाताना हन्ना नोहाला म्हणाली, "हा माल तुझा. नीट निघाला तर कुंड बी तुझं. मी नुसती सालीचं कुटन करीन."

हे नोहाला आवडलं होतं. इतकं, की त्याने टोळ्यांतल्या ओळखीच्या गाडीवाल्यांना फोन करून सांगितलं, आता कुंडावर मी असतो, जुपणी लागली तर मला सांगा.

आता अंगणात तो पहिला माल पडला होता.

"एक सांग," हन्नाने खाटेवर बैठक मारली. "जुनं पानी कुठं गेलं?"

"कंचं जुनं पानी?"

"तिसऱ्या कुंडातलं. काळं. वर बुरशी आलेलं."

"सडलं हुतं ते. उपसून बांधाला सोडलं, कुंड घासून काढलं. तू आल्यावर म्हनली बी, कुंड चकचकीत केलंय म्हनून."

"म्हनले. मला वाटलं पानी आधी पिपात काढून ठिवलं आसंल."

"सडकं पानी पिपात कोन ठिवतं?"

"मी ठिवते. तुझा बाप ठिवायचा. तुझा आजा ठिवायचा."

दरवर्षीच्या सालीचं वापरून संपत आलेलं पाणी ते लोक टाकत नाहीत. त्यातला तुरटपणा कातड्यांनी पिऊन टाकलेला असतो, उरतो तो थोडासा, आणि उभ्या उभ्या ते पाणी आंबतं. नवं कातडं चुन्यातून काढतात, धुतात, कोंड्याच्या आंबूस पाण्यात ठेवून त्यातला चुना मारतात, आणि मग पहिल्यांदा या म्हाताऱ्या पाण्यात सोडतात. मग त्याहून थोडं नवं पाणी. मग आणखी नवं. शेवटी ताजी कुटलेली साल. त्या वेळी कातड्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात साल आणि पाणी भरून ती टांगतात, आणि पाणी कातड्यातून झिरपत राहतं.

"मग तू काय घातलंस?"

"पावडर. सालीचा अर्क. गोनी आनली हुती ना, त्यातली."

"कितपत?"

"दाट."

"पहिल्याच दिवशी?"

"आये, माझी टेम्पोची भाडी हुती. गनपतीत तर घरी यायला मिळंना. कातडी कोंड्यात पडून व्हती, उशीर झाल्ता. म्हनलं, दाट पानी घातलं की लवकर मुरंल."

हन्ना उठली, कुंपणाच्या बाभळीची एक काडी मोडून आणली आणि त्याच्यापुढे धरली. "चाव."

"कशापायी?"

"चाव रं."

त्याने चावली. तोंड वाकडं केलं.

"जिभंला काय झालं?"

"ओढली."

"जीभ ओढली, तसंच कातडं ओढतं. कडक पानी पाजलं की वरचा थर झटक्यात ओढून घट्ट व्हतो. त्यानं दार लावून घेतलं की मागचं पानी भाईरच उभं. आत जाया वाटच न्हाई. पोटाचं कातडं पातळ नि सैल, तिथं दोन्ही अंगांनी भेटतं मधी. पाठ जाड. पाठीत भेटलंच न्हाई."

"ते मला ठाव हाय." नोहा काडी थुंकून बोलला. "तिकडं सुपरवायझर सांगायचा आमाला. कातडं म्हंजी दोऱ्यांचं गाठोडं. त्या दोऱ्यांच्या मधी पानी आसतं म्हनून ते सडतं. क्रोमचे कन बारीक, ते पटकन दोऱ्यांत घुसत्यात. सालीचं टॅनिन जाडं, ते पयल्याच दोऱ्यांना चिकटून बसतं. म्हनून हळूहळू चढवायचं."

हन्नाने थुंकलेली काडी उचलून कुंपणापलीकडे टाकली.

"ठाव हुतं तुला?"

"हुतं."

"मग?"

"मग काय मग! भाडं हुतं म्हनलं ना!"

"बायबलातला नोहा पानी ओसरस्तवर तारवात थांबला. तुझं नाव नोहा ठिवलं," हन्ना म्हणाली, "नि पान्याचीच घाई."

तो चिडून कुंडाच्या बाजूच्या फाटकापर्यंत गेला आणि परत आला. त्याला अजून एक सापडलं होतं.

"बरं, तू पोटच का बघितलंस? पाठ का न्हाई कापलीस?"

प्रश्न बरोबर होता. पाठीचं कातडं मोलाचं, त्यातून पट्टे निघतात. म्हणून बघण्यासाठी काप घ्यायचा तो पोटाच्या कडेचा, जिथून तसंही काही निघत नाही. सासऱ्यांनी तसंच शिकवलं होतं आणि कधी चुकलं नव्हतं. म्हाताऱ्या पाण्यापासून चढवत नेलेलं कातडं सगळीकडे सारखं मुरतं, पोट झालं म्हणजे पाठ झाली. कडक पाण्यातल्या कातड्याला हा हिशेब लागू नाही. तिची परीक्षा तिच्या पद्धतीपुरतीच खरी होती, आणि तिने ती लेकाच्या पद्धतीला लावली.

"मला वाटलं तू जुन्या पान्यातूनच काढलंय," ती म्हणाली. "इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं."

"झालं तर मग! तुझी बी चूक, माझी बी चूक. फिटंफाट." नोहा पुन्हा खाटेपाशी आला, पट्ट्याची दोन टोकं दोन्ही हातांत धरून त्याने ताकदीने ओढलं. दंडाच्या शिरा उभ्या राहिल्या. पट्टा हलला नाही. "बघ. हत्ती बांध. आनि कच्चं कातडं काय कमी आसतं? ढोलाच्या वाद्या कच्च्याच आसत्यात ना? त्या तुटत्यात का?"

"ढोल घामानं भिजतो का? ढोल कॅनॉलात उतरतो का?"

"तू इचार तर कर. कच्चं कातडं वाळलेलं लाकडावानी घट्ट."

"वाळलेलं! बैलाची मान कदी वाळलेली बघितलीस? पहाटं दव, दिवसभर घाम, संध्याकाळी पान्यावर. मधली रेघ भिजनार, फुगनार, मग सडनार. नि वरून काय दिसनार? लाल. खालून? लाल. नायलॉन तुटायला आलं की त्याचं सूत निघतं, मानूस सावध हुतो. ह्यो पट्टा तुटायच्या दिवशी बी आसाच नवाकोरा दिसंल."

नोहाने पट्टा खाली ठेवला.

"परत घालू पान्यात," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "पट्टे कापलेत, काठ उघडे झालेत. काठातून पील."

"पील. हलक्या पान्यात घाल, पील. दिवाळी हुईल पन."

"सहादेव आजच येनार."

"व्हय."

"मग तू सांग त्याला. म्हन, डोळ्याचं आपरेशन झालं हुतं, काम लांबलं."

"न्हाई."

"न्हाई काय? खोटं कुठं हाय त्यात?"

"काम लांबलं न्हाई. काम बिघडलं. नि माल तुझा हाय. तू सांग."

"मी सांगू? मी काय सांगू? पयल्याच मालाला? आगं, सगळी टोळी एका जागी झोपड्या घालून ऱ्हाती तिथं, एका कोपीतलं बोलनं दुसऱ्या कोपीत ऐकू जातं. आठ दिवसांत सगळ्या कारखान्यांवर व्हईल, हन्नाबाईच्या पोरानं कच्चा माल काढला. पुढच्या सालाला कुत्रं बी फिरकायचं न्हाई."

"व्हय, आसं हुईल."

"तुला काय बी वाटत न्हाई?"

"वाटतंय की. रातभर झोप न्हाई."

"नि मी म्हनलो, घेऊन जा, पक्कं हाय म्हनून? मग?"

हन्नाने पदराने डोळ्याचं पाणी टिपलं. ऑपरेशनपासून तो डोळा उन्हात आला की गळायचा. "म्हन की," ती म्हणाली. "तुझं तोंड हाय. माझं बी मला हाय."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ विचारायच्या आत रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला.

सहादेवने गाडी लिंबाखाली उभी केली. गाडीत संसार होता. पत्रा, बांबू, कोपीचं कापड, पाण्याची टाकी, पिठाचा डबा, एक शेळी आणि शेळीला टेकून बसलेली त्याची बायको चांगुणा.

"सलाम, हन्नाबाई!" सहादेव लांबूनच ओरडला. तो दरवर्षी या घराच्या रीतीने सलाम घालतो. "डोळा फुटला का ऱ्हायला?"

"सलाम. ऱ्हायला. तुमी आधीपेक्षा काळे दिसता आता."

"मी काळाच हाय. आजवर तुमाला दिसलो न्हवतो!" तो स्वतःच हसला. "नोहाशेट, काय म्हनतंय? आता मालक तुमी म्हनं. आमाला जुना भाव लावा बरं का, नव्या मालकाचा नगं."

नोहाने नुसती मान हलवली. हन्ना चहा ठेवायला आत गेली. चुलीपासून अंगण दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

चांगुणा गाडीतून उतरली ती सरळ बैलापाशी गेली. डाव्या बैलाच्या मानेखाली हळदीचा पिवळा थर होता. तिने बोटाने तो जरा सरकवला. खाली मांस लाल झालं होतं. बैलाने मान झटकली.

"बघ रं नोहा," ती म्हणाली. "नायलॉनचं काम. पाथर्डीपसनं शेवगाव, तेवढ्यात. कधी एकदा तुमच्या जुपन्या घालते आसं झालंय."

"पोतं गुंडाळायचं त्याला," नोहा म्हणाला.

"गुंडाळलं हुतं. सरकतंय." ती खाटेपाशी आली. पट्टे उचलून तिने एकेक हाताळायला सुरुवात केली. वाकवून पाहिला, नाकाशी नेला, गालावर घासला. "रंग काय चढलाय! मागच्या जुपन्यांपरीस लाल हायेत. काय घातलंस?"

"सालच. जरा येगळी."

"झ्याक." ती पट्टे खांद्यावर टाकून बैलाकडे वळली, तेवढ्यात सहादेव खाटेवर ऐसपैस बसत म्हणाला, "लाव, लाव, आत्ताच लाव. नवी जुपनी नि कॅनॉलचा चढ, मग बघ आपला सर्जा. औंदा ही वर बसाय भ्याली तर मी हिला दाव्यानं बांधनार हाय."

"बस की तूच वर," चांगुणा म्हणाली. "खाली हाकायला मी हाय."

"बघा हन्नाबाई! मागच्या साली आमच्या फुडची गाडी उलाळली ना, तवापसनं हिच्या पोटात गोळा. छबूबाई वर बसली हुती त्या गाडीच्या, मोळ्यांखाली घावली. पाय वाकडा झाला बिचारीचा. औंदा तोडीला न्हाई आली. ती सुटली, आमी चाललो!"

तो हसला, पण हसणं एकट्याचंच राहिलं. नोहा लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभा होता आणि चांगुणाच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे बघत होता.

हन्ना चहा घेऊन बाहेर आली. सहादेवला दिला, चांगुणापुढे धरला. चांगुणाने कप घेतला नाही.

"हन्नाक्का, तुमी काय बोलत न्हाई."

"काय बोलू?"

"दरसाली तुमी बोलता. जुपनी हातात देताना म्हनता, चांगुने, निर्धास्त जा. औंदा चहा देताय नुसता."

"माल नोहाचा हाय औंदा," हन्ना म्हणाली. "त्याला इचार."

सहादेव फुंकर मारत बशीतला चहा पीत होता. तो म्हणाला, "त्यात काय इचारायचं? पोरगं वेल्लोरला शिकून आलंय. हुशार हाय."

"तू गप," चांगुणा नवऱ्याला म्हणाली. तिने पट्टे खांद्यावरून काढून हातात घेतले आणि नोहाच्या समोर जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर प्रवासाची धूळ होती, आणि ऊस कापून कापून घट्टे पडलेली बोटं त्या लाल पट्ट्यांवर घट्ट आवळलेली होती.

"नोहा, चढावर मी वर बसनार हाय. मोळ्यांवर. तुला ठाव हाय ना?"

"ठाव हाय."

"मग माझ्याकडं बघ नि सांग. ह्या जुपन्या लावू का?"

हन्ना जागच्या जागी उभी राहिली. चहाची थाळी तिने खाली ठेवली नाही. तिचं तोंड उघडलं होतं. नोहाने तिच्याकडे पाहिलं, मग बैलाच्या हळद लावलेल्या मानेकडे, मग चांगुणाकडे.

"आरं बोल की," सहादेव खाटेवरून म्हणाला. "बाईमानसाला किती तिष्ठत ठिवायचं?"

नोहाने हात पुढे केला. चांगुणाच्या मुठीतून त्याने एकेक पट्टा सोडवून घेतला. तिने धरून ठेवले नाहीत, पण सोडलेही चटकन नाहीत. सगळे हातात आल्यावर त्याने ते गुंडाळून काखेत मारले, पायात चपला सरकवल्या आणि कुंपणाच्या फाटकाकडे चालायला लागला.

"आता कुठं?" सहादेवने मोठ्याने विचारलं. "ए नोहाशेट! लावू का न्हाई म्हनती ती! हो का न्हाई?"

फाटक कुंडाच्या बाजूला उघडत होतं. नोहा मागे वळला नाही, पट्टे पुन्हा पाण्यात घालायला बाहेर पडला.